तीन लाखांतली एक ओळ

उंचीमापन कार्यालयात तिला सगळे फेरबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे आपल्याला काय म्हणतात हे जिला कळत नाही, तिला तपासनीस म्हणून नेमणार तरी कोण? कुणी गणित करून तिच्या टेबलावर ठेवलं की ती लाल पेन्सिलीनं समासात 'फेर' एवढंच लिही आणि कागद परत सरकवी. म्हणजे पुन्हा करा. चूक सापडली म्हणून नव्हे. सापडली नाही म्हणून. "एवढ्या मोठ्या कागदात एकही चूक नाही? मग नक्कीच काहीतरी आहे," असं तिचं म्हणणं.

कार्यालयाचा जुना नियम होता, की कुठलाही कागद बाहेर जाताना त्यावर दोन सह्या हव्यात. पहिली करणाऱ्याची, दुसरी शंका घेणाऱ्याची. दुसऱ्या सहीचा अर्थ असा, की या कागदावर मी मनापासून संशय घेतला आणि तरी तो टिकला. बत्तीस वर्षं ही दुसरी सही फेरबाई करत आली होती, आणि नोकरी तिच्या अंगात पुरती मुरली होती. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला की ती दुसरा दंड पुढे करी. शेजारीण "सहज आले" म्हणाली, की ही तिला खुर्ची देई आणि सहज कशासाठी आली असेल याचा अंदाज बांधत बसे.

तिच्या तावडीतून एकच माणूस सुटला होता, तो म्हणजे तिचा नवरा. तोही त्याच कार्यालयात मोजणीदार होता. खांद्यावर तिवई, हातात दुर्बिणीची पेटी, आणि मोजवहीत छापल्यासारखे आकडे. लोक त्याला ओळंबा म्हणत, इतका तो सरळ. त्याच्या वहीवर 'फेर' कधी पडला नाही. कार्यालयातले चिडवत, "काय बाई, घरच्यांना सूट वाटतं?" ती म्हणे, "त्यांच्या वहीत शंका घ्यायला जागाच नसते." हे ती नुसतं बोलत नसे, मानतही असे. ओळंबा सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्यामागे तिनं कुणावर म्हणून विश्वास टाकला नाही.

लेक बापाची. नदीपलीकडे खालच्या वस्तीत घर घेताना सगळे नको नको म्हणत होते, तर ही म्हणाली, "बाबांनी मोजलंय ते. तिथे पाणी येणार नाही." गेल्या वर्षी पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं. आता वस्तीभोवती भिंत घालायचं ठरलं होतं, आणि भिंतीचा माथा किती उंच ठेवायचा ते उंचीमापन कार्यालय ज्या उंच्या देईल त्यांवरून मोजायचं होतं. भिंतीच्या आत लेक, जावई आणि दोन वर्षांची नात. आकडा चुकला तर पाणी कुणाच्या घरात शिरणार हे फेरबाईला वेगळं सांगायला नको होतं. महिनाअखेरीस तिला त्या कागदावर सही करायची होती.

आणि ते गणित करायला नेमलेला माणूस होता तिचा जावईच.

जावयावर तिचा संशय लग्नाच्या आधीपासूनचा. तिनं त्याच्या जुन्या घरमालकाकडे जाऊन चौकशी केली होती, आणि घरमालकानं फारच चांगलं सांगितल्यामुळे संशय वाढला होता. त्यातून या माणसाला ठाम बोलायची सवय नव्हती. "साधारण सातपर्यंत येतो." "बहुतेक जमेल." ज्या बाईनं आयुष्यभर मिलिमीटरवरून भांडणं केली, तिच्या लेकीनं साधारण आणि बहुतेकशी लग्न केलं होतं. ती त्याला कार्यालयातही 'जावईबापू' म्हणे, आणि त्या मानात किती मान आहे हे त्याला बरोबर कळे.

काम असं होतं. शहरात आणि नदीच्या दोन्ही काठांवर साठ हजार खुणा होत्या, पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, भिंतीत ठोकलेल्या. प्रत्येक मोजणी दोन खुणांबद्दल एकच गोष्ट सांगते, ही तिच्यापेक्षा इतकी उंच. अशा तीन लाख मोजण्या, म्हणजे कोष्टकात तीन लाख ओळी. या ओळींचं आपसांत पटत नाही, कारण माणसं मोजतात, वारा असतो, ऊन असतं. तेव्हा साठ हजार उंच्या अशा काढायच्या, की एकूण भांडण कमीत कमी राहील. कार्यालयाचा म्हातारा संगणक सगळ्या ओळी घेऊन बसला की अकरा दिवस बसे. अकराव्या दिवशी एखादी दुरुस्ती आली की पुन्हा अकरा.

"सगळ्या ओळी घ्यायच्याच नाहीत," जावई एका सकाळी म्हणाला.

"मग कुठल्या घ्यायच्या?"

"चिठ्ठ्या टाकायच्या. येतील त्या घ्यायच्या."

फेरबाईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. जावई तोच होता.

"म्हणजे तीन लाख माणसांनी साक्ष दिली, आणि आपण त्यांतल्या थोड्यांचीच ऐकायची. तीही डोळे मिटून निवडलेल्यांची."

"अगदी डोळे मिटून नाही, बाई. बाजारपेठेतल्या दोन खुणांबद्दल चाळीस ओळी तेच ते सांगतात. त्यांतल्या प्रत्येकीला थोड्या चिठ्ठ्या. जी ओळ असं काही सांगते जे दुसरं फारसं कुणी सांगत नाही, तिला पुष्कळ चिठ्ठ्या. मग उचलायच्या. अर्ध्या दिवसात गणित सुटतं."

"आणि एखादी महत्त्वाची राहून गेली तर?"

"म्हणून पुन्हा उचलायच्या. वीस वेळा, दर वेळी नव्यानं. विसांतून उत्तर हललं नाही की समजायचं, पक्कं आहे."

"की वीस वेळा तीच चूक केली."

"तसं होऊ शकतं. पण शक्यता फार कमी, साधारण..."

"साधारण हा आकडा नाही, जावईबापू."

तिचा खरा संशय वेगळाच होता. चूक तिला परवडत होती. चूक पकडता येते. पण ज्या कामात नशिबाला खुर्ची दिली, तिथे ज्याला जे लपवायचं ते लपवता येतं. ओळ का घेतली नाही? चिठ्ठी आली नाही. संपलं. आळशी माणसाला आणि लबाड माणसाला याहून चांगला आडोसा कुठला? यातला जावई कोण, आळशी की लबाड, एवढंच तिला ठरवायचं होतं.

म्हणून तिनं सापळा लावला. एका छोट्या भागाचं गणित आधीच पूर्ण सुटलेलं होतं. त्यातली एक ओळ तिनं गुपचूप बदलली, तीन सेंटिमीटरनं, आणि कागद जावयाकडे पाठवले. कारण विचारलं तर सांगायला एक खोटंही तयार ठेवलं. तो तासाभरानं आला.

"बाई, एकशे बारावी ओळ तुम्ही बदललीत का?"

"का?"

"ती ज्या ज्या वेळी उचलली गेली, त्या त्या वेळी एक खूण उडी मारते. नसली की गप बसते. सगळ्या ओळी एकदम घेतल्या असत्या, तर ती गर्दीत मिसळून गेली असती."

फेरबाई चकित झाली, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. आणि लगेच तिला वाटलं, हा दारातून बघत तर नव्हता? दुसऱ्या दिवशी तिनं दार लावून घेऊन आणखी एक ओळ बदलली. तीही त्यानं आणून दिली. तेव्हा कुठे तिनं मोठ्या कोष्टकाला हात लावू दिला, आणि तो वीस वेळा चिठ्ठ्या टाकत असताना आठवडाभर त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली. माणसानं त्या आठवड्यात नोकरी सोडली नाही, यावरून तरी तिला त्याच्याबद्दल काही कळायला हवं होतं.

वीस उत्तरं शेजारी शेजारी मांडली. साठ हजार खुणा जागच्या जागी होत्या, फार तर एखाद्या मिलिमीटरची कुरबूर. फक्त खालच्या वस्तीतल्या खुणा, कुणी मुठीत धरून उचलाव्यात तशा, सगळ्या मिळून वरखाली होत होत्या. चौदा वेळा वर, सहा वेळा खाली.

"बघा," फेरबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात समाधान होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. "नेमकी माझी लेक राहते तिथेच तुमच्या चिठ्ठ्या घसरल्या. सहा वेळा चुकलं. दोन वर्षांपूर्वी अकरा दिवस घालवून काढलेलं जुनं उत्तरही त्या चौदांशीच जुळतंय."

"सहा वेळा चुकलं," जावई म्हणाला, "किंवा चौदा वेळा."

त्यानं याद्या काढल्या. चौदा वेळा होती आणि सहा वेळा नव्हती अशी ओळ एकच निघाली, पुलावरची. शहराच्या मुख्य खुणेपासून पूल ओलांडून वस्तीतल्या शाळेच्या पायरीपर्यंत. ती नसली की वस्तीची उंची ठरे वरच्या बंधाऱ्यावरून वळसा घेऊन आलेल्या शेकडो लहान मोजण्यांवरून. जुन्या गणितात पुलाच्या ओळीचा शब्द भारी धरला होता, कारण तिची जातानाची आणि परतीची मोजणी एकमेकींशी केसाइतकी जुळत होती. मग उरलेलं भांडण त्या शेकडो ओळींत वाटलं गेलं. प्रत्येकीच्या वाट्याला इतकं थोडं आलं, की कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही.

"फरक किती आहे?" तिनं विचारलं.

"दहा सेंटिमीटर."

"साधारण?"

"नाही. बरोब्बर दहा."

फेरबाईनं वजाबाकी स्वतः करून पाहिली, दहाच आले. ज्यानं मोजपट्टी एकदा हातात धरली आहे त्याला हे माहीत असतं. दुर्बीण चुकते ती केसाइतकी, ऊन-वारा चुकवतात तेही केसाइतकं. पुरते दहा सेंटिमीटर चुकतो तो माणूस. पट्टीवरचा एक मोठा आकडा वाचताना तो एक घर वर किंवा खाली जातो. तसं होतंच, सगळ्यांचं होतं. म्हणून तर नियम आहे, मोजत जायचं आणि त्याच वाटेनं नव्यानं मोजत परत यायचं. एवढी मोठी चूक परतीत सापडल्याशिवाय राहत नाही. आणि फरकाची दिशा वाईट होती. चौदा उत्तरं खोटी असतील, तर वस्ती कागदावर आहे त्याहून दहा सेंटिमीटर खाली होती, आणि भिंत तेवढीच बुटकी होणार होती.

जावई मोजवहीचा क्रमांक बघत होता. मग तो बघायचा थांबला.

"वही बाबांची आहे," तो हळूच म्हणाला.

"शक्य नाही," असं म्हणून तिनं दप्तरखोलीची किल्ली घेतली. जावई मागे निघाला, तर त्याला तिनं हातानंच थांबवलं.

दप्तरखोलीत खिडकीपाशी एक उंच टेबल होतं. तिनं एकतीस वर्षांपूर्वीची ती वही उघडली. तेच छापल्यासारखे आकडे. जाताना सुरुवात साडेनऊला, शेवट एक पन्नासला. परतीची सुरुवात दोन दहाला, शेवट सहाला. खाली दोन सह्या. दुसरी तिची.

पेन्सील घेऊन ती जातानाचा प्रत्येक टप्पा परतीच्या टप्प्यातून वजा करू लागली. एक मिलिमीटर जास्त. एक कमी. एक जास्त. एक कमी. दोन्ही पानं खालपर्यंत असंच. फेरबाईनं हजारो वह्या तपासल्या होत्या. खऱ्या चुका अशा शाळेतल्या रांगेसारख्या येत नाहीत. सलग पाच जास्त येतात, मग एक कमी, मग मध्येच एखादी मोठी. खरा योगायोग गबाळा असतो. हे आकडे कुणीतरी बसून, विचार करून, योगायोगासारखे दिसावेत म्हणून लिहिले होते. दुसऱ्या कुणाची वही असती तर पहिल्या सहा ओळींतच तिनं 'फेर' मारला असता.

मग तिनं तारीख पाहिली.

तेव्हा तिला नोकरीला लागून वर्ष झालं होतं. आदल्या दिवशी जिन्यात तिनं त्याला सांगितलं होतं, "उद्या चारला घरी या. माझे वडील साडेचारला बाहेर पडतात, आणि परवापासून दोन महिने गावाला आहेत. उशीर करू नका." तो चारच्या ठोक्याला दारात उभा होता. केस ओले, बूट पुसलेले. वडिलांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि म्हणाले, "माणूस वेळेचा दिसतोय." लग्न त्यावर ठरलं. सोमवारी त्यानं ही वही तिच्या टेबलावर ठेवली, आणि तिनं न उघडता सही केली.

वही म्हणत होती की सहापर्यंत तो पुलावर होता. चारला तो तिच्या दारात होता. दोन्ही गोष्टी तिला एकतीस वर्षं ठाऊक होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवून पाहायचं तिला कधी सुचलं नाही. जगातल्या प्रत्येक माणसावर तिनं संशय घेतला, आणि ज्याच्यावर घ्यायला हवा होता तो तिच्यासमोर रोज बसून जेवत होता.

तिला आधी संताप आला. मग, काय करणार, हसू आलं. त्या माणसानं आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि ती तिच्यासाठी. मग नातीच्या घराची दुसरी पायरी आठवली आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

ती परत आली तेव्हा जावई तसाच बसला होता. तिनं वही त्याच्यासमोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. चार वाजताचं सोडून सगळं. त्यानं वजाबाकी खालपर्यंत पाहिली.

"आई," तो म्हणाला. कार्यालयात तो तिला कधी आई म्हणत नसे. "असं करता येईल. या ओळीच्या चिठ्ठ्या मी ठेवतच नाही. चिठ्ठी आली नाही, एवढंच. उंची बरोबर निघेल, भिंत बरोबर होईल. वही जिथे आहे तिथे राहील. हिला काही सांगायची गरज नाही."

फेरबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. याला काय हवंय? मला कायमचं मिंधं करून ठेवायचंय? पण त्याचे कान लाल झाले होते, आणि तो तिच्याकडे बघतही नव्हता. वहीतल्या आकड्यांकडे बघत होता. सासऱ्याबरोबर तो दर रविवारी पायी फिरायला जायचा, तेही आत्ताच तिला आठवायचं होतं. महिनाभर या पद्धतीत जो आडोसा ती शोधत होती तो अखेर सापडला होता, आणि तो तिच्यासाठीच उघडून धरलेला होता. आणि तिला आत जायचं होतं. हेही सांगून टाकलं पाहिजे. पाच मिनिटं तरी तिला अगदी मनापासून आत जायचं होतं. 'बाबांनी मोजलंय' म्हणणाऱ्या लेकीसमोर त्या बाबांना उभं कसं करायचं?

"पुढे कधीतरी तुमच्या खुर्चीत दुसरा कुणी बसेल," ती शेवटी म्हणाली. "त्याच्या चिठ्ठ्यांत ही ओळ येईल. विसांतून चौदा वेळा येईल. मग तो नवी उंची खोटी ठरवेल आणि जुनी खरी. नाही. ओळ कारणासकट कापायची, लेखी. आणि त्याआधी पूल नव्यानं मोजायचा. उद्या."

"मोजणीदाराला सांगू?"

"आपण मोजू. मला आता कुणाचाच भरवसा नाही."

"माझाही नाही?" त्यानं विचारलं.

तिनं वही मिटली. "तुमचा साधारण आहे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्यांनी मुख्य खुणेपासून सुरुवात केली. जावई पट्टी धरून पुढे, फेरबाई दुर्बिणीला डोळा लावून मागे. पुलावर वाहनं थरथर आणत, तेवढा वेळ थांबावं लागे. दोनच्या सुमाराला ते शाळेच्या पायरीशी पोचले, आणि तिनं तिथल्या तिथे बेरीज केली. वस्ती खाली होती. दहा सेंटिमीटर.

दोन गल्ल्या पलीकडून लेक आली, कडेवर नात आणि हातात चहाचा थर्मास.

"तुम्ही दोघं उन्हात काय करताय?" ती म्हणाली. "हे तर बाबांनी मोजलंय."

जावई पट्टी पुसायला लागला. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

"त्यांनी चुकीचं मोजलं," फेरबाई म्हणाली. "भिंत आता जास्त उंच करावी लागेल."

लेक हसली. "बाबांनी? आणि चुकीचं? परतीच्या मोजणीत सापडलं नसतं का?"

"परतीची मोजणी त्यांनी केली नाही. केली असं लिहिलं."

लेकीच्या चेहऱ्यावरचं हसू आधी तसंच राहिलं, मग उतरलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो पट्टीच पुसत होता. तिनं पुन्हा आईकडे पाहिलं, रागानं, जणू आईनंच काहीतरी खोटं लिहिलं होतं.

"बाबा असं करणारच नाहीत," ती म्हणाली. "का करतील?"

"मी चारला बोलावलं होतं," फेरबाई म्हणाली. "तुझ्या आजोबांकडे, मला मागणी घालायला." एवढं सांगून तिनं तिवई उचलली आणि परतीचा पहिला टप्पा लावायला पुलाकडे वळली.